ओसरीवरून : पासबुकाची सहा पाने



या खेपेला घरचे सोयाबीन पेरायचे तर त्याची उगवणशक्ती कशी तपासावी, यावर लिहायचे ठरवले होते. गोणपाट भिजवले होते आणि शंभर दाणे मोजून दहा-दहाच्या ओळीत मांडत होतो. तेवढ्यात धाकट्या चुलतभावाची बायको येऊन ओसरीच्या पायरीवर टेकली. पदराखालून तिने बँकेचे पासबुक काढले आणि म्हणाली, "भावजी, एवढं वाचून दाखवा. सायेब म्हनतोय खात्यात पैसंच न्हाईत. मग दोन गायांचं दूध मी काय वगळीला वतलं व्हय?"

मी हात पुसून चष्मा लावला. दिवाळीपासून तिने त्या खात्याला हात लावला नव्हता. डेअरीचे बिल दर दहा दिवसांनी जमा होत होते. पेंडीचे पैसे कापून हातात दोन-अडीच हजार, कधी तीन हजार. मृगाच्या तोंडावर बी-खत एकदम रोखीने घ्यायचे, कृषी केंद्रवाल्याच्या उधारीत यंदा अडकायचे नाही, असा तिचा बेत. मनातल्या मनात तिने साठ हजार धरले होते. खात्यावर तीनशे बारा रुपये होते.

बँकेने पासबुक नुकतेच भरून दिले होते. सहा पाने. जमा बाजूला डेअरीच्या ओळी वेळच्या वेळी, अगदी शाळेच्या घंटेसारख्या. आणि मधल्या साऱ्या ओळी खर्चाच्या. शंभर, दोनशे, शंभर, पाचशे, पाचशे, हजार. फेब्रुवारीतल्या एकाच तारखेला सतरा नोंदी. कुठे तरी साडेतीनशे परत आलेले, कुठे बाराशे. असे परत आलेले मोजून नऊ वेळा. मी वाचत गेलो आणि ती ऐकत गेली. तिसऱ्या पानावर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या भावजी. कळलं."

खाते तिच्या नावाचे, पण उघडताना नंबर दिला तो पोराचा. कारण तिचा फोन बटणांचा. पहाटे चारला उठून धार काढायची तिने, शेण-घाण काढायची तिने, आणि पैसा मात्र जायचा पोराच्या बोटाखालून. मंडळी, आपापल्या घरी हे कसे आहे ते जरा मनाशी पाहा. मी पाहिले. आमच्याही घरी सूनबाईच्या शिलाईचे पैसे मुलाच्याच फोनवर येत होते आणि आम्हा कुणाला त्यात कधी काही वावगे वाटले नव्हते.

पोरगा तेवीस वर्षांचा. आय.टी.आय. झालेला. हंगामात दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतो, एरवी घरी. निर्व्यसनी, सुपारीचे खांडही तोंडात टाकत नाही. त्याचे नाव गावात कुणी वाईट घेतलेले मी ऐकलेले नाही. त्याला संध्याकाळी गोठ्यात गाठला. ओरडायचे नाही असे ठरवून गेलो होतो, कारण त्याच्या बापाने दुपारीच ओरडून आवाज बसवून घेतला होता. वैरण टाकता टाकता विचारले, "खेळ कसा असतो रे तो? मला शिकव."

तो आधी बोलेना. मग म्हणाला, "नाना, एक इमान असतंय. तुमी पैसं लावायचं. इमान उडाय लागलं की आकडा वाढतोय. एक पूर्णांक दोन, दीड, दोन, पाच. इमान निघून जायाच्या आत बटन दाबलं तर तेवढ्या पट पैसं तुमचं. न्हाई दाबलं आनि इमान गेलं, तर गेलं."

"आणि ते जाणार कधी?"

"ते कुनालाच ठावं नसतंय. तीच तर मजा."

दहा रुपये लावून पाहिले, पंधरा झाले. मित्राने दुवा पाठवला होता, नव्या माणसाला कंपनीकडून वरकड पैसे मिळतात म्हणून. पहिल्या आठवड्यात साडेतीन हजार सुटले, खात्यात आलेही. त्यातून त्याने आईला साडी घेतली. कुठले पैसे म्हणून तिने विचारले, तर मोबाइलवर कंपनीचे काम मिळाले म्हणाला. ती साडी नेसून ती माघारी भाच्याच्या लग्नाला जाऊन आली आणि तिथे चार बायकांना सांगूनही आली. पोरगा हे सांगताना गायीच्या शिंगाकडे बघत होता.

मला आमचे थोरले चुलते आठवले. मटक्याचे नाव ज्यांनी नुसते ऐकले आहे अशा तरुण वाचकांसाठी सांगतो. मुंबईत कापसाच्या भावावर सट्टा चाले. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडताना काय भाव होता आणि बंद होताना काय, ते आकडे तारेने येत आणि त्यावर लोक पैसे लावत. १९६१ साली ते आकडे येणे बंद झाले. मग १९६२ मध्ये वरळीला कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापला आकडा काढायला सुरुवात केली. मडक्यात चिठ्ठ्या टाकून काढायच्या, म्हणून मटका. पुढे पत्त्यांची पाने काढू लागले. कापूस गेला, पण 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तेवढे मागे राहिले. आपल्या वऱ्हाडा-खानदेशाच्या कापसाला कधी मिळाली नाही एवढी प्रसिद्धी त्या दोन शब्दांना मिळाली. (कापूस पिकवणारा कुणी मटक्यावर श्रीमंत झालेला मात्र ऐकिवात नाही.)

चुलते आकडा लावत. एस.टी.चा नंबर दिसला की आकडा, स्वप्नात साप आला की आकडा, कुणाच्या तेराव्याला पंगतीत किती पाने झाली त्याचा आकडा. चिठ्ठी द्यायला मला पाठवत आणि वर लिमलेटच्या गोळीला पाच पैसे देत. आकडा घेणारा तालुक्याच्या स्टँडमागे पानाच्या टपरीत बसे. एकेरी आकडा लागला तर रुपयाला नऊ रुपये. मी तेव्हा सातवीत होतो. गणित सोपे होते: आकडे शून्य ते नऊ, म्हणजे दहा. दहा जणांनी दहा आकड्यांवर एकेक रुपया लावला तर जमले दहा, वाटले नऊ, एक टपरीत राहिला. रोज. चुलत्यांना हे सांगितले तर म्हणाले, "तू पुस्तकातलं सांगू नगंस." त्यांचा एक बैल त्यात गेला. नंतर दुसराही विकावा लागला. एका बैलावर औत चालत नाही.

तरी मटक्यात एक गोष्ट होती, जी मला गोठ्यात उभा असताना पहिल्यांदा नीट उमजली. मटक्यात थांबावे लागे. ओपन लावला की क्लोजपर्यंत थांबा. क्लोज झाला की दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. टपरीपर्यंत तीन मैल चालत जा. वाटेत सासरा भेटायचा, मास्तर भेटायचे, नाही तर काकूच भेटायची आणि कुठे निघालात म्हणून विचारायची. त्या थांबण्यात आणि त्या चालण्यात माणसाचे डोके थोडे ताळ्यावर येत असे. लाजही वाटत असे. गावाला ठाऊक असे कोण लावतो ते, त्यामुळे दुकानदार उधारी देताना हात आखडता घेई. सारे गाव मिळून त्या माणसाला नकळत एक दावे बांधत असे.

आता फोनचा हिशेब पाहा. त्या विमानाच्या एका प्रसिद्ध खेळाची कंपनी स्वतःच सांगते, की लावलेल्या शंभर रुपयांतले सरासरी सत्त्याण्णव आम्ही खेळणाऱ्यांना परत देतो. म्हणजे मटकेवाला शंभरातले दहा कापत होता, हा तीनच कापतो. ऐकायला किती प्रामाणिक! पण मटका दिवसातून दोनदा. दोन्ही वेळा दहा-दहा रुपये लावले तर लावलेले झाले वीस, आणि सरासरीने दिवसाला गेले दोन रुपये. विमानाचा एक डाव पंधरा-वीस सेकंदांत आटोपतो. तासाला दीडशे डाव धरा. डावाला दहा रुपये म्हणजे तासात दीड हजार लावून झाले. त्याचे शेकडा तीन, पंचेचाळीस रुपये. मटक्यात दिवसाला दोन, इथे तासाला पंचेचाळीस. आणि डावाला दहावर कोण थांबतो? शंभरावर गेलात की तासाला साडेचारशे, म्हणजे खुरपणीच्या बाईची दिवसाची मजुरी. हे सगळे कंपनी खरे बोलते असे धरून. जे खेळ चोरून, नाव बदलून चालतात, त्यांच्या विमानाचा दोर कुणाच्या हातात आहे हे तपासायला कोण गेले आहे?

पोराने आणखी एक सांगितले, ते मला जास्त खोल वाटले. "नाना, हरल्यावर वाईट वाटतंच. पन जिकल्यावर बी वाईट वाटतंय. दीडला बटन दाबलं, पैसं मिळालं, आनि इमान ईस पटीपातुर जाताना दिसतंय. मग वाटतंय, थांबलो असतो तर!" हरला तर भरून काढायला पुढचा डाव, जिंकला तर हुकलेले गाठायला पुढचा डाव. शेजारी पडद्यावर दुसऱ्यांनी किती मिळवले त्याची यादी पळत असते. हरलेल्यांसाठी कुणी टाहो फोडत नाही.

याचे शास्त्र जुने आहे. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारली की ठराविक हिशेबाने दाणा पडत असेल तर कबूतर दाणा खाऊन थोडे दम खाते. पण दाणा केव्हा पडेल याचा नेमच नसेल, तर ते चोच मारतच राहते; दाणा पडायचा बंद झाला तरी कितीतरी वेळ मारत राहते. त्या पोराला मूर्ख म्हणू नका. शिकलेली, पगारदार, चांगली हुशार माणसेही त्या बटणावर तशीच चोच मारत बसली आहेत. शिवाय कुणाचे दार ठोठवावे लागत नाही. अंथरुणात पडल्या पडल्या, बाप शेजारी घोरत असताना, रात्रीच्या दोन वाजता हे चालते.

मग तो म्हणाला ते ऐका. "शेती तरी काय नाना, जुगारच की! गेल्या साली कांदा लावला, वाहतूक अंगावर आली. ह्यात निदान लगेच कळतंय तरी."

मी गप्प झालो. खोटे सांगत नाही, मला पटकन उत्तर सुचले नाही. त्याच कांद्यात माझीही वीस गोणी उकिरड्यावर गेली होती. ज्याच्या हाती वर्षातून एकदा पैसा येतो, आणि तोही किती येईल हे ज्याला बाजार समितीच्या ओट्यावर उभे राहीपर्यंत ठाऊक नसते, त्याला वीस सेकंदांत निकाल लावणाऱ्या खेळाची भूल पडणारच. शेतकऱ्याच्या पोराला आळशी म्हणून हे सुटणारे कोडे नाही.

पण रात्री अंथरुणावर पडल्यावर उत्तर सुचले आणि सकाळी त्याला सांगितले. पाऊस पडला नाही तर माझे जाते, पण ते कुणा ढगाच्या खिशात जात नाही. माझे बुडावे म्हणून मृगाने कुणी नोकर ठेवलेले नाहीत. कांदा मातीमोल झाला तरी रान जागेवर राहते, पात जनावर खाते, आणि पुढच्या खेपेला काय लावायचे नाही एवढे तरी कळते. त्या विमानातून पुढच्या डावाला उपयोगी पडेल असे काय शिकलास? तो म्हणाला, "कायबी न्हाई." ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळात जुगाऱ्याचे एक सूक्त आहे. त्यात त्याची सासू त्याचा राग करते, बायको दूर होते, आणि अखेर त्याला फासे टाकून शेत कसायला सांगितले आहे. म्हणजे त्या काळीही शेतकऱ्याच्याच घरात हा प्रश्न उठला होता म्हणायचा.

आता कायद्याचे थोडे. जुगाराविरुद्ध आपल्याकडे १८८७ पासून कायदा आहे, पण तो अड्ड्यावर धाड घालण्यासाठी केलेला; उशाखालच्या अड्ड्यावर धाड कशी घालणार? १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असे म्हटले होते. त्या एका वाक्याच्या छत्रीखाली पुढे पुष्कळ कंपन्या उभ्या राहिल्या आणि क्रिकेटपटू, नट त्यांच्या जाहिराती करू लागले. जुलै २०२५ मध्ये तर राज्याच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांच्या हातातल्या मोबाइलवर सभागृहात पत्त्यांचा डाव दिसतो आहे, अशी चित्रफीत गावोगाव फिरली. आपण खेळत नव्हतो असे त्यांनी सांगितले. पुढे त्यांचे खाते बदलले. ऑगस्ट २०२५ मध्ये मात्र संसदेने पैसे लावून खेळायच्या साऱ्याच ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. पंचेचाळीस कोटी लोक वर्षाला सुमारे वीस हजार कोटी रुपये यात घालवतात, असा अंदाज त्या वेळी सरकारने दिला होता. याच सरकारी व्यवस्थेने आपल्या राज्यात १९६९ साली स्वतःची लॉटरी काढली होती, हेही जाता जाता नोंदवतो. असो.

कायद्यानंतर देशातल्या मोठ्या कंपन्यांनी पैशाचे खेळ थांबवले. आमच्या पोराचा खेळ त्यातला नव्हताच. तो परदेशातून, व्हॉट्सॲप-टेलिग्रामवरच्या दुव्यातून येणारा. त्यात पैसे भरायचे ते दर वेळी निराळ्याच कुणाच्या तरी खात्यावर. ती खाती कुणाची? पुष्कळदा अशाच गरीब पोरांची, महिन्याला दोन-चार हजारांच्या आशेने भाड्याने दिलेली. हे नीट ध्यानात ठेवा. आपल्या पोराने खाते कुणाला वापरायला दिले तर उद्या पोलीस तपासात ते गोठते, आणि त्यातच दुधाचे बिल, विम्याची भरपाई, सारे अडकून पडते.

नुसत्या खेळणाऱ्याला नव्या कायद्यात शिक्षा नाही. म्हणून तक्रार करायला भिऊ नका. आम्ही १९३० या सायबर तक्रारीच्या नंबरवर फोन केला. पैसे आले का म्हणाल, तर नाही. लवकर, म्हणजे फसल्यावर तासा-दोन तासांत कळवले तर पुढच्या खात्यात पैसे अडवता येतात. आम्ही महिन्यांनी गेलो.

घरात काय केले ते सांगतो, कारण अशा वेळी आपण नेमके उलटे करतो. बाप गाय विकून देणी भागवायला निघाला होता. मी म्हटले, जी गाय हे देणे फेडणार आहे तीच विकलीस तर फेडायचे कशातून? पोराला कागद दिला आणि साऱ्यांची नावे लिहायला लावली. मित्राकडचे हातउसने, फोनवरून काढलेले झटपट कर्ज, मावशीला खोटे सांगून आणलेले. पहिल्यांदा लिहिले अठ्ठावीस हजार. मी कागद परत दिला. दुसऱ्यांदा एकेचाळीस. तिसऱ्यांदा त्रेसष्ट हजार झाले आणि तो रडायला लागला. तेव्हा कळले की आता खरा आकडा आला. ते पैसे त्याच्या हातात कुणी द्यायचे नाहीत. ट्रॅक्टरच्या मजुरीतून बापाने ज्याचे त्याला नेऊन द्यायचे, असे ठरले.

दुधासाठी आईच्या नावाचे निराळे खाते उघडले. ते कुठल्याच फोनला जोडलेले नाही. निरोप येतो तो तिच्या बटणांच्या फोनवर, आणि पैसे काढायचे ते पासबुक आणि स्लिप घेऊन बँकेत जाऊन. तेवढे तीन मैल चालणे मी मुद्दामच ठेवले.

आणि हे सगळ्यात आधी सांगायला हवे होते. त्या दोन-तीन रात्री आमची भावजय उंबऱ्यात आडवी झोपत होती. पोरगा जेवत नव्हता, गप्प होता, रात्री विहिरीकडे फेऱ्या घालत होता. अशा वेळी हिशेब बाजूला ठेवा आणि पोराजवळ बसा, त्याला एकटे सोडू नका. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते. त्याने पहिल्यांदा माझ्यासमोर लावला. मी मग उठून अंगणात गेलो. अर्धा तास बोलत होता. काय बोलला ते विचारले नाही.

ते शंभर दाणे गोणपाटात तसेच राहिले होते. मी त्यालाच रोज पाणी शिंपडायला सांगितले होते. सातव्या दिवशी सोडवून मोजायला बसवले, दोनदा मोजले. चौऱ्याहत्तर उगवले होते. सत्तराच्या वर म्हणजे पेरायला हरकत नाही. त्यांच्या दोन एकरांना माझेच साठ किलो बियाणे गेले आणि वहीत ते पोराच्या नावावर मांडले आहे. परवा घात आली, पेरणी झाली. फोन अजून त्याच्याकडेच आहे. मधूनच खिशाकडे हात जातो, ते मला दिसते.

उगवणशक्तीचे राहिलेले, दाणे किती ओलीत ठेवायचे आणि कोणता कोंब धरायचा, कोणता सोडायचा, ते पुढच्या खेपेला.